कोरड्या रेतीत हरवलेले शोधताना

वर्धा नदीच्या कोरड्या पात्रातून चैत्रातल्या उन्हात कधी मैलभर चालला आहात काय? राळेगाव तालुक्यातल्या नदीकाठच्या गावकऱ्यांना हे विचारायची गरज नाही. काळ्या रानात दिवसभर डवऱ्यामागे चालणारा धट्टाकट्टा गडीसुद्धा रेतीत अर्ध्या तासात पोटऱ्या चोळू लागतो, हे त्यांनी पाहिलेले असते. पण असे का होते, आणि त्याच रेतीत एखादी मोलाची वस्तू हरवली तर अंगाची नासाडी न करता ती कशी शोधावी, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मलाही नव्हते. गेल्या उन्हाळ्यात ते अंगावर बेतूनच शिकावे लागले.

झाले असे, की आम्ही घरची नऊ-दहा माणसे राळेगावाहून नदीवर डांगरवाडी पाहायला गेलो होतो. डांगरवाडी म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. दिवाळीनंतर पाणी ओसरले की भोई-ढीवर मंडळी पात्रातली रेती आखून घेतात, ओल लागेपर्यंत खड्डे काढतात, त्यांत शेणखत भरतात आणि टरबूज, खरबूज, काकडीचे बी लावतात. पुढे उन्हाळाभर घागरीने नाही तर डब्याने पाणी घालून वेल जगवायचे. मध्येच धरणातून पाणी सुटले तर सगळी मेहनत वाहून जाते. अशा एका वाडीवर टरबूज खाऊन आम्ही परत निघालो, आणि पोरे रेतीत एकमेकांवर लोळत असताना त्यांना आवरायला गेलेल्या वहिनींच्या गळ्यातली पोत तुटली. काळे मणी रेतीत विखुरले. पोतीत एक सोन्याचे डोरले होते आणि दोन्ही बाजूंना एकेक सोन्याचा मणी. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, कापसाचे दोन पैसे उरले तेव्हा केलेला तो दागिना. सोन्याचा भाव आज कुठे गेला आहे हे तुम्ही जाणताच. तसे डोरले पुन्हा करायचे म्हटले तर एका हंगामात होणारे काम नव्हते.

मग काय, सगळे तुटून पडले. कुणी हातांनी उकरतो आहे, कुणी पायाने रेती सारतो आहे, कुणी ओंजळी भरभरून वाऱ्यावर धरतो आहे. भर दुपारचे दोन वाजले होते. तासाभरात तिथे बैल बसून उठल्यासारखे खड्डेच खड्डे झाले. काळे मणी दहा-बारा सापडले, सोने एकही नाही. आणि आमचे मामा, वय साठीच्या पुढे, एकाएकी “डोळ्यांपुढे अंधारी येते रे” म्हणून खाली बसले. त्यांचे पुढे काय केले ते नंतर सांगतो. आधी रेतीची गोष्ट.

कोरडी रेती ही धड जमीन नव्हे आणि धड पाणीही नव्हे. तिचे कण एकमेकांना धरून नसतात. टणक रस्त्यावर तुम्ही पाय दाबता तेव्हा जमीन तुमचा भार परत देते, आणि टाचेमागची जाड शीर एखाद्या ताणलेल्या दोरीसारखी पायाला पुढे ढकलते. ती शीर चालण्यातले पुष्कळसे काम फुकटात करून देत असते. रेतीत पाय दाबला की कण बाजूला सरकतात, टाच रुतते, आणि जो जोर पुढे जाण्यासाठी लावला तो रेती हलवण्यात जिरतो. शीर नीट ताणलीच जात नाही, म्हणून सगळे ओझे पोटरीच्या आणि मांडीच्या स्नायूंवर येते. शिवाय रुतलेला पाय दर पावलाला वर उपसावा लागतो, त्याचे श्रम जांघेतल्या स्नायूंना पडतात.

याचे मोजमापही झाले आहे. बेल्जियममधल्या लुव्हँ विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ साली माणसांना टणक जमिनीवर आणि रेतीवर चालवून पाहिले. त्याच वेगाने चालायला रेतीवर २.१ ते २.७ पट शक्ती खर्च होते असे आढळले. म्हणजे रेतीतले एक कोस हे रस्त्यावरचे दोन-अडीच कोस समजा. गंमत अशी, की पळताना हा फरक तेवढा राहत नाही. तिथे खर्च दीडपटीच्या किंचित वर, १.६ पट भरतो. पण हरवलेली वस्तू शोधणारा काही पळत शोधत नाही.

आता उकरण्याचा हिशेब पाहू. हा हिशेब मी नंतर घरी बसून केला आणि मला हसू आले, कारण त्या दुपारी आम्ही काय करत होतो ते एकदम उमगले. ज्वारीचा ढीग घाला. तो एका ठराविक उताराच्या वर उभा राहत नाही, दाणे घसरतात. कोरड्या रेतीचेही तसेच. तिचा उतार साधारण ३४ अंशांचा. यामुळे तुम्ही खड्डा जेवढा खोल कराल त्याच्या तिप्पट रुंद तो वरून होतोच. कडा सरळ ठेवू म्हटले तरी राहत नाहीत. एक वीत खोल जायचे तर वरची रुंदी दीड हात होते आणि सुमारे बेचाळीस किलो रेती उपसावी लागते, कारण कोरड्या रेतीचे वजन लिटरमागे दीड किलोहून थोडे जास्त, सुमारे १.६ किलो असते. एक हात खोल जायचे तर? खोली दुप्पट झाली म्हणून रेती दुप्पट निघेल असे वाटते. तसे नाही. ती आठपट निघते, म्हणजे ३४० किलोच्या घरात. कापसाच्या तीन-साडेतीन क्विंटलांएवढे वजन तुम्ही नुसत्या ओंजळींनी उपसले. आणि दोन हात खोल गेलात तर पावणेतीन टन.

हीच रेती ओली असती तर कणांमधल्या पाण्याने ती एकमेकांना चिकटून उभी राहिली असती. लहान मुले ओल्या रेतीचे खोपे करतात, कोरड्या रेतीचे करत नाहीत, हे तुम्ही पाहिलेच असेल. ओल्या रेतीत वीतभर रुंदीचा सरळ खड्डा हातभर खोल काढला तर ओलीच्या वजनासकट पस्तीस किलोच्या आत काम होते. कोरडीच्या एक दशांश! डांगरवाडीवाला खड्डे काढण्याची घाई पाणी ओसरल्याबरोबर का करतो, याचे एक कारण इथे आहे.

आमची तारांबळ पाहून वाडीवरचे एक म्हातारे बाबाजी काठी टेकत आले. खड्डे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, “आता उकरान तं ते अजूनच खाली जाईन, बाप्पा. सगळे बाहेर निंघा. जिथं पोत तुटली तिथं काडी रोवा, अन् सकाळी या.” आम्हाला ते पटेना. रात्रीत कुणी नेले तर? पण मामांची अवस्था पाहून निघणे भाग होते.

आमच्याबरोबर कॉलेजात शिकणारा एक भाचा होता. त्याने आधी लाउडस्पीकरमधले लोहचुंबक आणायची युक्ती काढली. चुंबक आणले, फिरवले, आणि त्याला काळ्या बारीक कणांची मिशी फुटली. सोने चुंबकाला चिकटत नाही, हे त्याच्या ध्यानात तेव्हा आले. ते काळे कण म्हणजे आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून झिजून आलेले लोहयुक्त खनिज. नाशिकला रामकुंडावर दोरीला चुंबक बांधून नाणी काढणारी पोरे तुम्ही पाहिली असतील. त्यांना पोलादी रुपये मिळतात, पण जुन्या तांबे-निकेलच्या रुपयाला किंवा अॅल्युमिनियमच्या दहा-वीस पैशांना चुंबक ओढत नाही. मग भाच्याने मोबाईलमध्ये ‘मेटल डिटेक्टर’ म्हणून काहीसे उतरवून घेतले. तेही व्यर्थ. मोबाईलमध्ये असते ते दिशा दाखवणारे चुंबकमापक, त्याला लोखंड कळते, सोने नाही. या दोन्ही गोष्टी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण उद्या तुमच्या घरचा कुणी हेच करील.

खरे धातुशोधक यंत्र निराळे असते. लांब दांड्याच्या टोकाला ताटलीएवढे, नऊ-दहा इंचांचे तारेचे वेटोळे, आणि त्यातून सोडलेल्या विजेच्या लहरींमुळे जमिनीतल्या धातूत क्षणभर प्रवाह निर्माण होऊन कानात आवाज येतो. याचा एक पूर्वज टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने वापरला होता. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि ती अंगात कुठे आहे हे शोधायला बेल आपले यंत्र घेऊन गेला. पण खाटेच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी गोंधळ घातला आणि गोळी सापडली नाही. सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष वारले. आज हीच विद्या गुरांच्या डॉक्टरांच्याही उपयोगी पडते. गाईने कडब्याबरोबर तार किंवा खिळा गिळला असेल तर तसल्या यंत्राने पोटावरून अंदाज घेता येतो.

वाळूवर हे यंत्र पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात चालले ते लढाईत. पोलंडचा एक अधिकारी युझेफ कोसाट्स्की याने बनवलेली सुरुंगशोधक यंत्रे १९४२ साली इजिप्तमधल्या अल अलामेनच्या लढाईत वापरली गेली. एकेकाचे वजन चौदा किलोच्या आसपास. त्या वाळवंटात हे ओझे घेऊन एकेक पाऊल टाकणाऱ्या जवानाच्या अंगाचे काय होत असेल, कल्पना करा. त्याच्याही आधी, १९४१ च्या सुरुवातीला, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या तुकडीबरोबर काम करणाऱ्या प्रेमिंद्रसिंग भगत या तरुण अधिकाऱ्याने अबिसिनियाच्या मोहिमेत चार दिवस जवळजवळ अखंड राबून ५५ मैलांच्या वाटेवरची पंधरा सुरुंगक्षेत्रे मोकळी केली. स्फोटाने कानाचा पडदा फाटला तरी ते थांबले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले.

आजची यंत्रे दीड-दोन किलोंचीच असतात. विलायतेत आणि अमेरिकेत समुद्रकाठी हरवलेल्या अंगठ्या-नाणी शोधण्याचा छंद पुष्कळांना आहे, आणि आता आपल्याकडेही अशी यंत्रे विकत मिळतात. दीड किलो म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण एक लांब बांबू टोकाला धरून आडवा उचलून पाहा. मध्यावर धरला तर पोर उचलते, टोकाला धरला तर मनगट वाकते. यंत्राचे वजन दांड्याच्या दूरच्या टोकाला असते. ते जमिनीपासून दोन बोटे अधांतरी धरायचे आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत राहायचे.

एक एकर रेती अशी नीट पालथी घालायची म्हणा. एका फेरीत चार फूट रुंदीचा पट्टा निघतो, म्हणजे एकरात जवळजवळ अकरा हजार फूट, सव्वातीन किलोमीटर चालणे आले. प्रत्येक वेळी अर्धा फूट पुढे सरकायचे, म्हणजे हात २१,७८० वेळा फिरवायचा. एका झोक्याला दोन सेकंद धरले तर निव्वळ झोक्यांचे बारा तास झाले. यात खणणे धरलेले नाही. आवाज आला की वाकायचे, खणायचे, चाळायचे. बहुतेक वेळा निघते ते बाटलीचे झाकण नाही तर खिळा. म्हणून हे काम करणाऱ्यांची तक्रार पायांपासून सुरू होते आणि खांद्यावर, कोपराच्या बाहेरच्या बाजूला आणि कंबरेत येऊन थांबते. फवारणीचा पंप पाठीवर असतो तरी त्याचे वजन दोन्ही खांद्यांत वाटलेले असते. हे एकाच हातावर येते.

समुद्रकिनाऱ्यावर तर आणखी एक पेच आहे. भरतीच्या पाण्याने भिजलेली रेती चालायला चांगली, टणक. पण खाऱ्या पाण्यातून वीज वाहत असल्यामुळे साध्या यंत्राला तिथे खोटेच आवाज येऊ लागतात. वरची कोरडी रेती यंत्राला सोपी. आणि लोक बसतात, कपडे बदलतात, भेळ खातात तेही तिथेच, म्हणजे वस्तू हरवतात तिथेच. यंत्राला सोपी ती माणसाला अवघड, अशी ही गाठ आहे. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळबादेवी, मालगुंडकडे तर रेतीत काळे जड खनिज इतके आहे की यंत्राची परीक्षाच होईल. उलट हात आणि चाळणी यांवर पोट भरणारे लोक आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. सराफांच्या दुकानातली केरमाती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी पुष्कळ गावांत असत. बालाघाट, मंडला, चांदा या भागांत नदीच्या रेतीतून सोने धुणाऱ्या सोनझारींची नोंद रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात आहे. ते रेती लाकडी परातीत घेऊन पाण्यात हलवत. रेती हलकी ती वाहून जाई, सोने पाण्याच्या एकोणीस पट जड, ते तळाला राही. दिवसभर पाण्यात उकिडवे बसायचे आणि संध्याकाळी गुंजभर मिळाले तर मिळाले.

आता मामांकडे वळू, कारण खरा धोका तिथे होता, डोरल्यात नव्हे. आपल्या जिल्ह्यात वैशाखाच्या तोंडाशी पारा ४४-४५ पर्यंत जातो हे काही नवे नाही. पण तो आकडा सावलीतल्या हवेचा. उघड्या कोरड्या रेतीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापतो, आणि वाकून काम करणाऱ्याचे तोंड त्या तव्याजवळ असते. वरून ऊन, खालून झळ, आणि आत दुपटीने जळणारी शक्ती, म्हणजे आतूनही उष्णताच. घाम सुकतो म्हणून तो येतो आहे हेही कळत नाही. शोधाच्या नादात तहान सुचत नाही, हे सगळ्यात वाईट.

मामांना आम्ही वाडीवरच्या मांडवात नेले, सदरा काढला, अंगावर ओले धोतर टाकले आणि वारा घातला. ते शुद्धीवर होते, बोलत होते, म्हणून थोडे-थोडे साखर-मिठाचे पाणी पाजले. हे पाणी करायचे प्रमाण प्रत्येक घरात पाठ असावे : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अर्ध्या तासात त्यांना हुशारी आली. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसेल इतके तापले, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. १०८ वर फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी टाकून वारा घालत राहा. थांबून पाहू, असे म्हणायची ती वेळ नव्हे.

घरी आल्यावर वहिनी जेवल्या नाहीत. आई म्हणाली, “अगं, माणूस धड घरी आलं ना?” तरी त्यांचा हात राहून राहून गळ्याशी जात होता. आजूबाजूच्यांनी सल्ले दिले. एकाने तर नजर देऊन जमिनीतले सांगणाऱ्या बाबाचे नाव सुचवले. इथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण आपल्या भागात गुप्तधनाच्या नादाने घरे बुडाल्याच्या गोष्टी तुमच्याही कानावर असतील. जमिनीतले सोने दाखवतो म्हणणारा मांत्रिक आणि वीस-तीस फुटांवरचे सोने दाखवते म्हणून विकले जाणारे काडीवजा यंत्र, दोघे एकाच माळेचे मणी. चांगल्या यंत्रालाही एखादे नाणे वीतभर खोलीपर्यंत कळते, फार तर किंचित जास्त. इंग्लंडात मॅककॉर्मिक नावाच्या इसमाने गोल्फचे चेंडू शोधायच्या खेळण्याला नवे रूप देऊन बॉम्बशोधक यंत्र म्हणून ते इराकसारख्या देशांना विकले. आत काहीच नव्हते. २०१३ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. सरकारे फसली, तिथे आपण कोण! आपल्याकडे त्याच २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे हा त्यात गुन्हा आहे.

आणि समजा, वखरताना खरेच तुमच्या शेतात जुन्या नाण्यांचे गाडगे लागले तर? १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे काही सापडले तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवले पाहिजे. लपवले तर वाटाही जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. पुरातत्त्व खात्याने राखलेल्या जागी तर यंत्र घेऊन फिरण्याच्या भानगडीत पडूच नये. रेतीत पडलेले शेजारणीचे डोरले हे गुप्तधन नव्हे, ते शेजारणीचेच असते. हे सांगायची गरज नसावी.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत आम्ही नदीवर होतो. फक्त चौघे, पोरांना आणि मामांना घरी ठेवले. बाबाजी आधीच येऊन बसले होते. त्यांनी काय करवून घेतले ते सविस्तर लिहितो, तुम्हाला उपयोगी पडेल.

काडी मध्ये धरून त्यांनी चारही बाजूंना सुतळी ताणायला लावली, पाच हात लांब आणि पाच हात रुंद. मग तिचे हात-हातभराचे चौकोन पाडले. आम्ही चौकोनांच्या बाहेर राहायचे, आत पाय ठेवायचा नाही, कारण पायदळी वस्तू खाली जाते. आदल्या दिवशीच्या उकरलेल्या ढिगांवर चुन्याची खूण केली. ते ढीग चाळायला वेगळे. मग झाऱ्याने पाणी शिंपडले, नुसती वरची वीतभर रेती बसेल इतकेच. ओली रेती घमेल्यात भरायची, वीतभराच्या वर खोल जायचे नाही, आणि ती ताडपत्रीवर पातळ पसरून ठेवायची. पहिली घमेली पसरून होईपर्यंत ऊन आले, रेती वाळली, तेव्हा चाळायला घेतली. खणायला ओली आणि चाळायला कोरडी, ही बाबाजींची सगळी विद्या. ओली रेती चाळणीत गोळा होऊन बसते, कोरडी झरझर गळते. चाळणी सरकी चाळायची घेऊ नका, छिद्रे मोठी पडतात. आम्ही रव्याची जाड चाळणी घेतली होती.

घमेले अर्धेच भरायचे हा त्यांचा आणखी एक नियम. पूर्ण भरलेल्या घमेल्यात पंधरा-सोळा किलो होतात, आणि रेतीत उभे राहून ते उचलताना पाय रुततो, तोल जातो, कंबर पिळली जाते. वाकून चाळण्याऐवजी त्यांनी दुमडलेल्या पोत्यावर एक गुडघा टेकून बसवले. दर थोड्या वेळाने गुडघा बदलायचा. ये-जा करायची ती एकाच वाटेने, म्हणजे पायवाट दाबून बसते. टाच आधी न टेकता पाऊल सपाट टाकायचे आणि छोटे टाकायचे. बाया निंदताना जशा पाळीपाळीने तोंडावर पाणी मारायला उठतात तसे दर पाव तासाला एकाने उठून सगळ्यांना पाणी द्यायचे. अनवाणी चालायला सकाळी छान वाटते, पण काचेचे तुकडे आणि काटे असतात. कापडी बूट बरे. एक सूचना मात्र माझी : रेती उपसलेल्या जुन्या खड्ड्यांच्या बाजूला पोरांना जाऊ देऊ नका. पात्रात पाणी गुडघाभर दिसते आणि तिथे एकदम दोन पुरुष खोल असते. कोरडा कडाही पायाखालून घसरतो, कशामुळे ते वर आलेच आहे.

साडेआठच्या सुमारास वहिनींच्या चाळणीत पहिला सोन्याचा मणी आला. नऊला डोरले सापडले, तेही आदल्या दिवशी आम्हीच उकरून टाकलेल्या ढिगात, पोत तुटली तिथून तीन हात लांब. म्हणजे दुपारी आम्ही ते हातात घेऊन फेकले होते! दहाला बाबाजींनी चाळण्या ठेवायला लावल्या. एक मणी राहिलाच होता. भाचा म्हणाला, आणखी एक चौकोन पाहू. बाबाजींनी रेतीवर उघडा तळवा ठेवून पाहिला आणि नकार दिला.

आम्ही पैसे देऊ केले ते त्यांनी घेतले नाहीत. वहिनींनी त्यांच्या सुनेसाठी खण दिला तो घेतला. मग डबा उचलून ते वेलांना पाणी घालायला गेले, त्या सपाट, छोट्या पावलांनी.